१२० तासांचा कागद आणि सहा तासांचा वर्ग

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे एकाच विषयावरचे फोन येत आहेत. कुणी भिवंडीचं, कुणी मालेगावचं, कुणी मुंब्र्याचं, एक-दोन रत्नागिरीकडचे. बहुतेक मुली. बी.ए. इंग्रजी झालेलं, काहींचं डी.एल.एड., काहींचं बी.एड. आणि प्रश्न ठरलेला : "भाई, हा टेफलचा कोर्स केला तर सौदीला किंवा दुबईला टीचरची नोकरी लागते का?"

टेफल म्हणजे ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण. नाव मोठं, पण या शब्दावर कुणाची मालकी नाही. कोणत्याही सरकारची किंवा विद्यापीठाची परवानगी न घेता उद्या सकाळी कुणीही टेफलचं सर्टिफिकेट विकायला बसू शकतो. आणि बसलेलेही आहेत.

भिवंडीच्या एका मुलीने आम्हाला तिचं सर्टिफिकेट पाठवलं. सोनेरी किनार, उठावदार शिक्का, '१२० तास' असं ठळक लिहिलेलं. कोर्स घरबसल्या मोबाइलवर केला. व्हिडिओ पाहायचे, प्रत्येक धड्याखाली दहा प्रश्नांवर खुणा करायच्या, चुकलं तर पुन्हा करायचं. १२० तासांचा कोर्स तिने चार दिवसांत संपवला. ज्या एजंटने तो घ्यायला लावला त्याने 'पुढचं प्लेसमेंट आमच्याकडे' असं सांगून आणखी पैसे घेतले. अम्मीने कानातले मोडून ते पैसे उभे केले होते. एजंटचा फोन आता लागत नाही.

तिला आम्ही एकच प्रश्न विचारला. या १२० तासांत एखाद्या वर्गासमोर उभं राहून किती वेळ शिकवलंस? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शिकवायचं कुठं होतं त्यात?"

आमच्या मते सगळा विषय या एका प्रश्नावर येऊन थांबतो. त्यासाठी ही प्रशिक्षणं कुठून आली ते थोडं पाहावं लागेल.

जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या जोडप्याने १९५३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात भाषेची शाळा काढली, पुढे लंडनला आले. शाळेत शिकवायला इंग्रज तरुण भरपूर मिळत. त्यांना इंग्रजी येत होतं, शिकवता येत नव्हतं. म्हणून १९६२ मध्ये हेक्राफ्ट यांनी दोन आठवड्यांचा एक छोटा कोर्स सुरू केला. व्याख्यानं कमी, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवणं जास्त. त्याच रोपट्याचा आज 'सेल्टा' झाला आहे. केंब्रिज विद्यापीठाची परीक्षा संस्था तो प्रमाणित करते. पूर्णवेळ केला तर साधारण चार आठवडे, सुमारे १२० संपर्क-तास. ऑनलाइन विक्रेत्यांच्या कागदावर जो १२० आकडा झळकतो तो इथलाच. आकडा उचलला आणि आतला माल बाहेर ठेवला.

आतला माल म्हणजे सहा तास. सेल्टात प्रत्येक उमेदवाराला सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, तेही दोन वेगवेगळ्या पातळीच्या वर्गांना. मागच्या बाकावर प्रशिक्षक वही घेऊन बसलेला असतो, शेजारी बरोबरचे उमेदवार. पाठ संपला की सगळे मिळून त्याची चिरफाड करतात. शिवाय सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहायचे, चार लेखी असाइनमेंट द्यायच्या आणि शेवटी बाहेरून तपासनीस येतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा 'सर्टटेसॉल' हा याच दर्जाचा दुसरा कोर्स. त्यातही सहा तासांचं शिकवणं सक्तीचं आहे. कोविडनंतर सेल्टा पूर्ण ऑनलाइनही करता येतो, पण तिथेही पडद्यापलीकडे जिवंत विद्यार्थी असतात. तेव्हा ऑनलाइन असणं हा दोष नाही. समोर शिकणारा माणूसच नसणं हा दोष आहे.

सहा तास म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. आमच्या ओळखीतल्या एका सरांनी दहा वर्षं उर्दू शाळेत शिकवल्यावर सेल्टा केला. ते सांगतात, पहिल्याच पाठानंतर त्यांना विचारलं गेलं, "चाळीस मिनिटांत तुम्ही किती बोललात आणि विद्यार्थी किती बोलले?" हिशेब केला तर विद्यार्थ्यांच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं आली होती. दहा वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणी मोजलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या शाळांत शिक्षक शिकवून झाल्यावर विचारतात, "समजलं का?" किंवा "समझे?" आणि साठ मुलं एका सुरात म्हणतात, "जी सर!" समजलेली म्हणतात, न समजलेली त्याहून मोठ्याने म्हणतात. सेल्टात हा प्रश्न जवळजवळ हद्दपार आहे. समजा 'आय यूज्ड टू लिव्ह इन मालेगाव' हे वाक्य शिकवलं, तर पुढे विचारायचं : मी आता मालेगावात राहतो का? पूर्वी राहत होतो का? एक दिवस राहिलो की बरीच वर्षं? तीन छोटे प्रश्न. ज्याला समजलं नाही तो पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो, आणि त्याची नाचक्की न होता शिक्षकाला कळतं की पुन्हा सांगायला हवं. या युक्तीला पैसा लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. पण ती व्हिडिओ पाहून अंगवळणी पडत नाही, कारण वर्गासमोर घाबरलेल्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य 'समजलं का?' हेच निघतं. सवय मोडायला मागे कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

ट्रिनिटीच्या कोर्समध्ये एक भाग आहे, त्याचं आम्हाला विशेष वाटलं. इंग्रजी शिकवायला निघालेल्या उमेदवाराला चार तास एका पूर्ण अनोळखी भाषेच्या वर्गात बसवतात. शिक्षक त्याच भाषेत बोलणार. उमेदवाराने त्याची रोजनिशी लिहायची : कुठे घाबरलो, कुठे कळलं, कुठे मान खाली घातली. चार तासांत बऱ्याच जणांची घमेंड उतरते म्हणतात. आता आपल्या घरातलं मूल पाहा. घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत उर्दू, मोहल्ल्याबाहेर मराठी, टीव्हीवर हिंदी आणि वर इंग्रजी. उर्दूची वही उजवीकडून उघडते, इंग्रजीची डावीकडून. जो अनुभव तिथे चार तास मुद्दाम दिला जातो, तो या मुलाला वर्षानुवर्षं फुकट मिळतो आणि त्याची रोजनिशी कुणी लिहून घेत नाही.

म्हणजे सेल्टा केला की सगळं साधलं, असं आम्ही म्हणत नाही. तो मुळात बारा-पंधरा प्रौढ विद्यार्थ्यांच्या छोट्या वर्गासाठी बेतलेला आहे, खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या. एका बाकावर चार जण बसलेला पाचवीचा वर्ग त्यात कुठेही दिसत नाही. फी लाखाच्या पुढे जाते. आपल्याकडच्या डी.एड., बी.एड.मध्येही सराव पाठ असतातच, आणि दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतली इंटर्नशिपही आहे. फक्त पाठ टाचणं एकमेकांच्या वहीतून कशी उतरवली जातात आणि मागे बसलेले निरीक्षक दोन पाठांवर एकदम सही कशी करतात, हे ज्यांनी तो कोर्स केला त्यांना आम्ही काय सांगावं?

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र गोऱ्यांच्या देशात जन्मलं आणि आपण ते विकत आणायचं, असं नाही. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्यात होता. बंगालची मुलं इंग्रजी कशी शिकतात हे पाहतच त्याने वाचनावर भर देणारी, मोजक्या शब्दांत लिहिलेली पुस्तकं तयार केली. मोजक्या शब्दांची ती कल्पना आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्यानंतर १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बेंगळुरू, मद्रास आणि कडलूरच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचा धडा बाजूला ठेवून मुलांना रेल्वेचं वेळापत्रक दिलं, नकाशा दिला, आणि त्यावर कोडी सोडवायला लावली. कोडं सोडवता सोडवता भाषा येते, हा त्यांचा दावा होता. टास्कवर आधारलेल्या शिक्षणाची जगातली चर्चा आज या 'बेंगळुरू प्रयोगा'चं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. इतकं असून आपला तरुण टेफलचं सर्टिफिकेट घेताना समजतो की आपण परक्याची विद्या उसनी घेतोय.

आता नोकरीचं. इथे स्पष्ट बोलायला हवं, कारण एजंट नेमकं हेच बोलत नाहीत.

जगाच्या या बाजारात पहिली अट शिकवता येतं का ही नसते. पासपोर्ट कोणता, ही असते. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेल्या, २०१० पासून लागू असलेल्या व्यापार करारामुळे भारतीयांना एक फट मिळाली आहे, पण ती सहायक शिक्षकापुरती, आणि त्यासाठीही पदवीबरोबर अध्यापनाची अधिकृत पात्रता लागते. ऑनलाइन कागद नव्हे. चीनमध्येही पासपोर्टचा निकष तसाच आहे. तिथल्या मुलांना घरबसल्या इंग्रजी शिकवून कमवा, ही जाहिरात काही वर्षांपूर्वी फार चालली. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने खाजगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून शिकवून घेणंही थांबवलं. एका फटक्यात तो धंदा बसला. त्या काळातले व्हिडिओ दाखवून आजही इकडे कोर्स विकले जातात.

'जन्माने इंग्रजी बोलणारा तोच उत्तम शिक्षक' या समजुतीला रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्येच भ्रम ठरवलं होतं. हंगेरीचे पीटर मेद्येश यांनीही मांडलं की ज्याने ही भाषा स्वतः कष्टाने मिळवली त्याला विद्यार्थी कुठे अडखळणार हे आधीच ठाऊक असतं. पटतं ते. 'स्कूल'चं 'इस्कूल' का होतं, हे समजायला लंडनमध्ये जन्मावं लागत नाही. उलट, तिथे जन्मलेल्याला ते कळायला वेळ लागतो. पण व्हिसाच्या खिडकीवर बसलेला माणूस हे संशोधन वाचून बसलेला नाही.

आखाताचं चित्र थोडं वेगळं आहे, आणि आपल्या समाजाचा त्याच्याशी दोन-तीन पिढ्यांचा संबंध आहे म्हणून नीट समजून घ्यावं. तिथे भारतीय शिक्षक हजारोंनी आहेत. पण त्यातले बहुतेक भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत आहेत : मस्कतची, जेद्दाची, रियाधची इंडियन स्कूल आणि खाजगी सीबीएसई शाळा. या शाळा विषयातली पदवी आणि बी.एड. मागतात. टेफल बी.एड.ची जागा घेत नाही. अमिरातीत त्यावर शिक्षक परवान्याचीही अट आहे. दुसरा मार्ग विद्यापीठांच्या पूर्वतयारी वर्षाचा. तिथे एम.ए., अनुभव आणि सेल्टासारखं प्रमाणपत्र मागतात, आणि पासपोर्टचा प्रश्न तिथेही डोकावतो, पगाराच्या आकड्यात तर हमखास. सौदी अरेबियाने २०२१ पासून सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं, ही खरी बातमी आहे. 'म्हणून भारतातून शिक्षक भरती होणार' हे त्याला जोडलेलं शेपूट मात्र एजंटचं आहे. सौदी सरकारचं धोरण आपल्याच तरुणांना नोकऱ्या देण्याचं आहे, आणि शाळा त्याला अपवाद नाहीत.

कागदपत्रांतही फसवणूक चालते. पदवी आधी राज्य सरकारकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करावी लागते. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे तिथे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. अमिरातीसाठी लागतो. काही एजंट सौदीसाठीही त्या शिक्क्याचे पैसे घेतात असं आमच्या कानावर आलं आहे. परदेशी भरती करणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावीच लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत तपासता येते. नियमाने तो सेवेबद्दल ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, एवढंच घेऊ शकतो. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो' असं जो म्हणेल, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नये.

मग मुली या वाटेला का लागतात? त्यांना नावं ठेवून चालणार नाही. २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. पुढे २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आलं, तरी वाट पाहण्यात एक पिढी गेली. डी.एड. झालेल्या मुली लग्न होऊन, मुलं शाळेत जाऊ लागली तरी टीईटीचे फॉर्म भरत होत्या. शिक्षण सेवकाचं मानधन वर्षानुवर्षं सहा हजारांवर होतं. ते प्राथमिकसाठी १६ हजार झालं २०२३ मध्ये. गल्लीतल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आजही काय हातात पडतं ते विचारून पाहा. अशा वेळी सोनेरी किनारीचा कागद कुणालाही आवडेल.

पण याच मुलींना खऱ्या प्रशिक्षणाची गरज आहे, आणि त्यांची गरज असलेले वर्ग जेद्दात नाहीत, त्यांच्या गल्लीत आहेत. राज्याने २००० साली सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. विषय आला, पुस्तक आलं. तो विषय परकी भाषा म्हणून कसा शिकवायचा हे ज्याला येतं असा शिक्षक मात्र प्रत्येक शाळेत आला नाही. म्हणून उर्दू शाळेतलं मूल सातवीत इंग्रजीचा धडा तालासुरात वाचतं आणि स्वतःबद्दल तीन वाक्यं बोल म्हटलं की भिंतीकडे पाहतं. त्यानंतर पालक कर्ज काढून त्याच्या धाकट्या भावाला इंग्रजी माध्यमात घालतात. तिथले शिक्षकही बहुधा तेच शिकलेले असतात. फक्त टाय असतो.

कमी पैशांत नीट शिकायचं असेल तर हैदराबादची इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ ही संस्था आहे. १९५८ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करण्यासाठीच तिची स्थापना झाली, आज ते केंद्रीय विद्यापीठ आहे. इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे अंतर-शिक्षणानेही चालत आले आहेत. यंदाचे प्रवेश आणि फी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी. आम्हाला आश्चर्य याचं वाटतं की सेल्टाचं नाव ऐकलेल्या दहा मुलींपैकी एकीनेही या विद्यापीठाचं नाव ऐकलेलं नव्हतं.

मुंबईत मरकजुल मआरिफमध्ये मदरशातून फाजील झालेल्या तरुणांसाठी इंग्रजीचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. अरबी आणि उर्दूत दहा-बारा वर्षं घालवलेला तरुण विशीत ए-बी-सी-डीपासून सुरुवात करतो आणि दोन वर्षांत इंग्रजीत भाषण देतो. त्यातले काही पुढे इतर मदरशांत इंग्रजीचे उस्ताद झाले. मेद्येश जे पुस्तकात मांडतात, त्याचा हा चालता-बोलता दाखला. अशा उस्तादाला कुणी सहा तास मागच्या बाकावर बसून पाहिलं आणि नंतर मोकळेपणाने सांगितलं, तर काय होईल? आपल्या शिक्षण संस्थांनी, अंजुमननी आणि ट्रस्टनी शिष्यवृत्तीच्या यादीत डॉक्टर-इंजिनिअरच्या खाली एक ओळ इंग्रजीच्या शिक्षकासाठी घालायला काय हरकत आहे? वर्षाला दोन शिक्षक अशा प्रशिक्षणाला पाठवले आणि परत आल्यावर त्यांना बाकीच्यांच्या वर्गात मागे बसू दिलं, तरी सुरुवात होते. मागे कुणी बसलं की आपल्याकडे अपमान वाटतो, ही अडचण आहे. मुख्याध्यापकांनी आधी स्वतःच्या तासाला कुणाला तरी बसवावं.

भिवंडीच्या त्या मुलीला आम्ही एजंटची नोंदणी तपासायला सांगितलं. नोंदणी निघाली नाही. पोलिसांत तक्रार द्यायला अब्बू तयार नाहीत, 'मुलीचं नाव निघेल' म्हणून. पैसे मिळण्याची आशा फार नाही. दरम्यान, शेजारच्या उर्दू शाळेतल्या एका आपांनी तिला आठवड्यातून दोन दिवस पाचवीचा इंग्रजीचा तास दिला आहे, बिनपगारी. आपा स्वतः मागे बसतात. पहिल्या दिवशी ती अर्धा तास बोलत राहिली आणि शेवटी विचारलं, "समझे?" सगळी मुलं म्हणाली, "जी मिस!" आपांनी मग एका मुलाला उभं करून तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला. मुलगा नुसता पाहत राहिला. हे तिनेच आम्हाला फोनवर सांगितलं, आणि पुढच्या मंगळवारचा पाठ कसा घ्यावा ते विचारलं.